रूममेटच्या पायावर पाणी

२०२४ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या ऑक्टोबरात मी एका बाईच्या घरी राहायला गेलो. पळून नाही गेलो. भर दुपारी, दोन बॅगा, माझी मोठी कढई आणि ऑक्सिजनचं मशीन इथल्या मराठी मंडळातल्या एकाच्या व्हॅनमध्ये टाकून गेलो. तिच्या इमारतीला लिफ्ट असूनही दुसऱ्या मजल्यावर जिन्यानं चढलो. वर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण पहिल्याच दिवशी लिफ्टनं जाणं मला बरं वाटलं नाही.

आमचं गाव ईडन प्रेरी, मिनेसोटातलं. मला इथे भावानं आणलं. तो शिकलेला. मी नागपूरकडचा आचारी, लग्नाकार्यातला. इथे एका इंडियन रेस्टॉरंटच्या भटारखान्यात मी पंधरा वर्षं तळणाची कढई सांभाळली. तिकडे लाकडाचा धूर खाल्ला होता, इकडे तेलाचा खाल्ला. दोन्ही देशांना एकेक फुप्फुस वाटून दिलं म्हणा. शेवटी डॉक्टरनं नाकात नळी घातली, बाजूला मशीन ठेवलं आणि भटारखाना बंद केला. भाऊ म्हणाला, आमच्याकडे राहा. वहिनीही म्हणाली, पण म्हणताना ती भावाकडे बघत होती. मी एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं खोली घेतली.

आता सरकारी पैशाचं सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इथे आजारी माणसाला सरकार पैसे देतं ते दोन तऱ्हेचे. एक, तुमच्या पगारातून वर्षानुवर्षं कापलेल्या पैशाच्या जोरावर मिळणारे. ते हक्काचे. मग तुम्ही राजाच्या मुलीशी संसार थाटा, कोणी विचारत नाही. दुसरे, ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला देतात ते. आमचा मालक मला बराचसा पगार रोख द्यायचा, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, आणि मी समजायचो की हा माणूस मला मान देतो. म्हणून माझ्या नावावर कापलेलं फारसं निघालंच नाही. मी इथला नागरिक झालो होतो, तेवढ्यावर दुसऱ्या तऱ्हेचे पैसे सुरू झाले. या दुसऱ्या तऱ्हेत तुम्ही कोणाबरोबर राहता हे फार विचारतात. पैसे बेताचेच. पण त्यांच्यामागून मेडिकलचं कार्ड येतं, आणि माझं मशीन, नळ्या, औषधाचे फवारे, डॉक्टर, सगळं त्या कार्डावर. पैशावाचून मी राहिलो असतो. कार्ड म्हणजे श्वास होता.

बाई साताऱ्याकडची, विधवा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. तिला मुलीनं आणलं. पुढे मुलगी नोकरीसाठी बेलव्ह्यूला गेली, ही गेली नाही. हिला इथे एका डेकेअरमध्ये पक्की नोकरी होती, इन्शुरन्ससकट. ती सोडून मुलीच्या घरी फुकटचं डेकेअर चालवायची हिची तयारी नव्हती.

आमची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मी दोनशे माणसांचा मसालेभात उतरवला होता. ही मागून आली, चमचाभर घेतला आणि म्हणाली, "महाराज, मीठ कमी आहे."

माझ्या मिठाला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. म्हटलं, "बाई, तुमची जीभ साताऱ्याची आहे. इथे माणसं जेवणार आहेत."

ती हसली आणि गेली. मी भात चाखला. कमी होतं. तिला सांगितलं नाही, पण घातलं.

यानंतर दोन वर्षांनी मी कढई घेऊन तिच्याकडे गेलो. मधलं सांगण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी सांगणार नाही.

लग्न का केलं नाही, हे लोक विचारत नाहीत, पण त्यांच्या पोटात असतं. कारण सोपं आहे. तिचा पहिला नवरा तिकडे सरकारी नोकरीत होता. त्याच्यामागे तिला पेन्शन मिळते, आणि विधवेनं पुन्हा लग्न केलं की ती बंद. दर वर्षी हिला लिहून पाठवावं लागायचं की मी जिवंत आहे आणि मी लग्न केलेलं नाही. मी एकदा म्हटलं, "इथे नोकरी आहे, तिकडची पेन्शन कशाला हवी?" तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "महाराज, त्या माणसाबरोबर तेवीस वर्षं काढल्याचा पगार आहे तो माझा. तो मी सोडणार नाही." पुन्हा विषय काढला नाही.

मी पत्ता बदलल्याचं पैसे देणाऱ्या सरकारी ऑफिसला कळवलं. भाडं आणि किराणा निम्मा निम्मा. दोन माणसं एका घरात खर्च वाटून राहतात, यात ऑफिसला काही वावगं नव्हतं. मी माझ्या पैशाचं खात होतो आणि मान ताठ होती.

मग आली चंपाषष्ठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंडोबा ज्यांचं दैवत, त्यांच्याकडे त्या दिवशी मेहूण लागतं. मेहूण म्हणजे जोडपं, नवरा-बायको. त्यांना पाटावर बसवायचं, पायावर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, बाईची ओटी भरायची, दोघांना पोटभर जेवू घालायचं आणि पाया पडायचं. देव म्हणूनच. जोडपं जितकं वयस्कर तितकं चांगलं. आता ईडन प्रेरीत उन्हाळ्यात वयस्कर जोडप्यांना तोटा नाही. प्रत्येकाचे आईवडील आलेले असतात, तळ्याकाठी पांढरे बूट घालून फिरत असतात. पण थंडीची चाहूल लागली की सगळी भारतात परत. डिसेंबरात मेहूण मिळणं म्हणजे डिसेंबरात आंबा मिळणं.

आमच्या मंडळातला एक पुण्याचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं लाघवी. त्याचा फोन आला. "काका, प्लीज, तुम्ही आणि काकू या ना. आमचं बुकिंग समजा."

मी बाईकडे बघितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती वाजता ते विचारा."

तिची गोष्ट वेगळी होती. नवरा गेल्यापासून तिला कोणी हळदकुंकवाला बोलावलं नव्हतं. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात हिला मागच्या खोलीत भाज्या चिरायला बसवलं होतं. त्या दिवशी ती हिरवं लुगडं नेसली. पुणेकराच्या बायकोनं तिची ओटी भरली तेव्हा हिनं पदर दोनदा नीट पसरला. मी पाहिलं, आणि ताटातल्या पुरणपोळीकडे बघत बसलो. पोळी जाड होती, पण त्या दिवशी मी कोणाला काही बोललो नाही.

दोन आठवड्यांनी, पत्ता बदलला म्हणून चौकशीला, ऑफिसचं बोलावणं आलं. दोघांनाही. पुणेकरानंच वाचून समजावलं. नियम असा: एका घरात राहणारी दोन माणसं जर लोकांपुढे नवरा-बायको म्हणून वावरत असतील, तर लग्न झालेलं नसलं तरी हे ऑफिस त्यांना नवरा-बायकोच धरतं. आणि तसं धरलं की तिच्या पगारातला हिस्सा माझी कमाई म्हणून मोजतात. म्हणजे माझे पैसे जाणार, कार्डही जाणार.

"सिंपल आहे, काका," पुणेकर म्हणाला. "रूममेट सांगायचं. बस. इथे सगळेच रूममेट असतात, यार."

"रूममेट?"

"हो. तुम्ही रूममेट आहात."

माझं डोकं फिरलं. "मंग चंपाषष्ठीले पाटावर कोन बसलं होतं? रूममेटच्या पायावर पानी घातलं तुनं? तुया बायकोनं रूममेटची ओटी भरली?"

"काका, ते वेगळं. ते रिलिजस आहे. हे लीगल आहे."

"देवापुढे बायको आन् खिडकीवर रूममेट! तुया खंडोबाले चालते काय?"

त्याची बायको आतून म्हणाली, "अहो, काकांना पाणी द्या, दम लागतोय." खरंच लागला होता. मी पाणी प्यायलो आणि मशीनचा आकडा वाढवला. नंतर आठ दिवसांत मंडळातले झाडून सगळे मला हाच सल्ला देऊन गेले. आमच्या मंडळात कायदा सगळ्यांना येतो. वकील तेवढा एक नाही.

बाई ऑफिसात काय सांगणार, हे मी तिला विचारलंही नाही. मला वाटलं, यात विचारायचं काय? ज्या बाईला लोकांनी इतक्या वर्षांनी पाटावर बसवलं, तिला मी स्वतःच्या तोंडानं पाटावरून उठवणार नव्हतो.

ऑफिसात आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत नेलं. माझ्यासमोर एक गोरी बाई, साठीची, स्वेटर घातलेली, चेहऱ्यानं मायाळू. टेबलावर फोन, आणि फोनमध्ये मराठी बोलणारी एक मुलगी, इकडचं तिकडे सांगायला.

"तुम्ही या बाईंची ओळख लोकांना कशी करून देता?"

"मी देत नाही. लोक ओळखतात. काका आणि काकू म्हणतात."

फोनवालीनं ते सांगितलं आणि वर आपली भर घातली, की काका-काकू आमच्यात कोणाही मोठ्या माणसाला म्हणतात. तेवढं इंग्रजी मला कळतं. गोरी बाई खूश झाली. तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. "म्हणजे त्यावरून तुम्ही नवरा-बायको आहात असं होत नाही?"

"काका, नीट विचार करून सांगा हं," फोनवाली हळूच म्हणाली. तिला असं बोलायची परवानगी नसावी.

"विचार करूनच आलोय. त्यांना मेहुणाचं सांगा."

"अं... मेहूण कसं सांगू, काका?"

"जसं आहे तसं."

तिनं बराच वेळ सांगितलं. गोऱ्या बाईचं पेन मध्येच थांबलं.

"लोकांनी तुमची पूजा केली?"

"हो."

"असं नेहमी होतं?"

"फक्त हिवाळ्यात," मी म्हटलं. "उन्हाळ्यात आमचा नंबर लागत नाही."

गोऱ्या बाईनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, की इथे बसून लोक शपथेवर सांगतात की घरातल्या बाईशी आपला काही संबंध नाही. संबंध आहे म्हणून भांडणारा मी तिला पहिलाच भेटलो. ते मला प्रशस्तिपत्रक वाटलं. मी छाती काढून बाहेर आलो.

पार्किंगमध्ये हाडं गोठवणारी थंडी. बाई गाडीत बसली होती, इंजिन चालू करून.

"काय सांगितलंत?"

"खरं."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण लोकांपुढे नवरा-बायको म्हणून बसतो. आणि बसणार."

तिनं डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. "अहो, मी आत सांगून आले, हा माणूस माझा कोणी नाही. भाडेकरू आहे. स्वयंपाक बरा करतो म्हणून ठेवलाय. सोफ्यावर झोपतो, घोरतो."

"घोरतो कशाला सांगितलं?"

"खरं वाटावं म्हणून!"

मी नळी नीट केली. मग म्हटलं, "तुझी अब्रू..."

"माझी अब्रू राखायला तुम्हाला कोणी बोलावलं होतं? माझी मी राखते. इतकी वर्षं कोण राखत होतं? मी तुमचं मशीन वाचवायला खोटं बोलले आणि तुम्ही मिशीला पीळ द्यायला खरं बोललात." मग शांतपणे पुढचं म्हणाली. "बरं, आता माझ्या पगारावर बसून खाणार ना? नवरे खातात तसं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या ताठ मानेसाठी मी बोललो होतो, तीच मान आता हिच्या ताटात वाकणार होती. आणि मला हेही दिसलं की ही मला पहिल्यांदाच 'अहो' म्हणाली होती, तेही चिडून. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "हीटर वाढव."

तरीही माझ्या एकट्याच्या बोलण्यानं ठरलं नाही. आम्ही दोघांनी दोन टोकांची उत्तरं दिली होती, म्हणून ऑफिसनं ओळखीच्या माणसाला फोन केला. ओळखीचा म्हणून आम्ही नाव दिलं होतं पुणेकराचं. तोच तो, रूममेट सांगा म्हणणारा. फोन आला तेव्हा तो घाईत होता. ती दोघं कोण, असं विचारल्यावर हा पटकन म्हणाला, की ओह, काका आणि काकू, काय सुंदर जोडपं आहे!

संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला. "सॉरी, काका. सवयीनं निघून गेलं तोंडातून."

"पेढे कशाचे?" बाईनं विचारलं.

त्यानं डबा पुढे केला. बाईनं पेढे ठेवून घेतले आणि त्याला चहा दिला. माझ्यापेक्षा तिनं त्याला लवकर माफ केलं.

निकाल आला. ऑफिसनं आम्हाला जोडपं धरलं. माझे पैसे बंद, कार्ड महिनाअखेरीला बंद. मग मशीनवाल्यांचा फोन आला, की पुढच्या महिन्यापासून भाडं कोण भरणार, नाहीतर आम्ही येऊन मशीन घेऊन जातो. बाई मला न सांगता तिच्या डेकेअरच्या ऑफिसात गेली. तिच्या इन्शुरन्सवर नवऱ्याला घेता येतं. तिथली मॅनेजर आनंदली, अभिनंदन म्हणाली आणि मागितलं लग्नाचं सर्टिफिकेट. सर्टिफिकेट नाही म्हटल्यावर म्हणाली, मग तो तुझा नवरा नाही.

म्हणजे एका खिडकीवर आमचं लग्न आम्हाला न विचारता लागलं होतं, आणि दुसऱ्या खिडकीवर ते मोडलं होतं. मधल्या रस्त्यावर मी नाकात नळी घालून उभा.

त्या संध्याकाळी मी बॅग काढली. म्हटलं, "मी बेसमेंटला परत जातो. वेगळं राहिलो की पुन्हा अर्ज करता येईल."

"आणि पुन्हा मिळेपर्यंत?"

"मॅनेज करीन."

"श्वास कसा मॅनेज करतात ते दाखवा बघू," ती म्हणाली. ती पोळ्या लाटत होती. मी बॅगेची चेन लावत होतो, ती लागत नव्हती. वाकलं की मला दम लागतो.

तिनं आणखी एक पोळी लाटून घेतली. मग ती म्हणाली, "माझी शिफ्ट उद्या अकराला आहे. कोर्टातला लग्नाचा काउंटर आठला उघडतो. विचारून ठेवलंय मी."

"आणि तुझी पेन्शन?"

"मी लिहीन त्यांना, की लग्न केलं."

"तेवीस वर्षांचा पगार आहे म्हणालीस."

"आहेच. पुष्कळ वर्षं उचलला." तिनं पोळी तव्यावर टाकली. "तुमच्यासाठी सोडते असं समजू नका. दर वर्षी लिहून द्यायचा कंटाळा आलाय, की मी कोणाची नाही."

मी म्हटलं, "मी तुझ्या पगारावर बसून खाणार नाही. घरचा सगळा स्वयंपाक माझा. तू पोळीला हात लावायचा नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "फक्त मीठ मी बघणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, चाकांवरचा छोटा सिलिंडर घेतला आणि तिच्याबरोबर काउंटरवर गेलो. तिथल्या पोरीनं सांगितलं, की लग्नाआधीच्या शिकवणीचे बारा तास भरलेत तर लग्नाच्या परवान्याची फी बरीच कमी होईल. संसार कसा करावा, भांडण कसं मिटवावं, ते शिकवतात म्हणे. बाई म्हणाली, "बसा की. तुम्हाला गरज आहे." मी त्या पोरीला सांगितलं, पूर्ण फी घे. माझ्या बॅगेत तळाशी दडवलेले पैसे होते ते मी दिले, तिला पर्स उघडू दिली नाही.

मग तिच्यापुढे कागद आला. त्यात आधीच्या नवऱ्याची माहिती लिहायची होती. तिनं पर्स माझ्या हातात दिली आणि लिहायला लागली. त्याचं नाव लिहायला तिला वेळ लागला. मागे एक तरुण जोडपं उभं होतं, त्यातला पोरगा सारखा घड्याळ बघत होता. मी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. त्यानं हात खिशात घातले. मी पर्स धरून उभा राहिलो, तिचं लिहून होईपर्यंत.